पातेलं

आमची मुलगी मानसशास्त्र शिकते. या विषयाच्या प्रॅक्टिकलला बेडूक लागत नाही, माणूस लागतो. आणि रविवारी सकाळी घरात फुकट सापडणारा माणूस मीच.

"बाबा, मी शब्द म्हणेन. पहिला सुचेल तो शब्द सांगायचा. विचार करायचा नाही."

शेवटची अट मला जड नव्हती. तिने मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं.

"टेबल."

"इस्त्री."

१९१० साली केंट आणि रोझानॉफ या अमेरिकन संशोधकांनी हजार माणसांना शंभर शब्द दिले, तेव्हा टेबलावर सर्वांत जास्त जण 'खुर्ची' म्हणाले होते म्हणे. म्हणणारच. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमच्यासारखा कपड्यांचा डोंगर नसावा.

"कुत्रा."

"भुंकतो."

"मोठी माणसं बहुधा 'मांजर' म्हणतात. 'भुंकतो' हे लहान मुलांचं उत्तर," जर्नलमध्ये लिहीत ती म्हणाली. पन्नाशी उलटल्यावर बालवर्गात प्रवेश मिळाला.

"गूळ."

"चूळ."

"यमक नको रे!"

इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, "दूध."

काल बायको भिशीला गेली होती. मी दूध तापत ठेवलं आणि मॅच बघत बसलो. पुढचं पातेल्याच्या बुडाला विचारा. तारेच्या घासणीने तासभर झटलो, मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे सरकवलं. पातेलं तिच्या माहेरचं.

"म्हैस," मी म्हणालो.

"साडेपाच सेकंद! आत्तापर्यंत दीड सेकंदात सांगत होतास. काळा?"

"पा... पाटी."

"वास?"

"खिडकी! खिडकी उघडली."

मुलीने पेन खाली ठेवलं. डोक्यातले शब्द शब्दकोशासारखे अ-आ-इ-ई करत रांगेत बसत नाहीत, म्हणाली. चाळीत राहतात. एका खोलीत खुट्ट झालं की शेजारपाजारचे गॅलरीत येतात. 'डॉक्टर' वाचला की पाठोपाठचा 'नर्स' लवकर ओळखू येतो, हे १९७१ च्या एका प्रयोगात मोजूनही झालंय. माझ्या चाळीत त्या सकाळी कुठलंही दार वाजवा, पातेलंच बाहेर येत होतं. त्याला आत ढकलून दुसरं कुणीतरी शोधायचं, यात माझे सेकंद जात होते.

"आणि उत्तराला उशीर झाला की समजायचं, तिथे काहीतरी बोचतंय. झुरिकच्या कार्ल युंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने स्टॉपवॉच घेऊन हेच केलं. अशाने चोरीसुद्धा पकडली त्याने."

हे कारटीने आधी सांगायला नको?

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबूड मघापासून थांबली होती, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"अगं, एक शब्द माझाही विचार त्यांना," आतून आवाज आला. "माळा."

"मखर," मी म्हणालो. पाऊण सेकंदही लागला नाही.