कापूस वेचणारी भाची आणि माझे चुकलेले वाक्य

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. किशोरवयीन मुलींमधील पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित करणारा विकार) आणि व्यायाम यांवरील माझ्या लेखाला आपण धुळ्याहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपली सोळा वर्षांची भाची अंगाने सडपातळ आहे, सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कापूस वेचायला जाते, तरीही तिला दोनदोन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर राठ केस आले आहेत आणि डॉक्टरांनी पीसीओएसचे निदान केले आहे, असे असताना ‘वजन उतरले की पाळी रुळावर येते’ असे लिहून मी अशा मुलींना आळशी ठरवले, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात व्यायाम कुठे व कधी करायचा हेही सांगितले नाही.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ते वाक्य चुकीचे होते आणि मी ते लेखातून काढून टाकले आहे. हा विकार सडपातळ मुलींनाही होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि ज्या मुलीला आरशासमोर उभे राहणेच नकोसे झाले आहे तिला वजनकाट्यावर उभे करून आपण काय साधतो, हा प्रश्न इतकी वर्षे शारीरिक शिक्षण शिकवूनही मला लिहिताना सुचायला हवा होता.

तरीही व्यायामाचा आग्रह मी सोडणार नाही. या विकारात पुष्कळ मुलींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून स्वादुपिंड ते अधिक तयार करते. हे वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते आणि रक्तातील ती संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. राठ केस, मुरुमे, लांबलेली पाळी ही सारी त्याच साखळीतली. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव तसाही काही काळ घटलेला असतो, त्यामुळे या वयात ओझे दुहेरी होते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा होता, आणि तो मळ समजून तिची आई दर रविवारी डाळीच्या पिठाने मान घासत असे. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा कातडी सोलवटलेली होती. तो मळ नव्हता, वाढलेल्या इन्सुलिनची त्वचेवर उमटलेली खूण होती.

आता स्नायूंचे काम पाहा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो, आणि व्यायाम थांबल्यावरही एकदोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. त्यासाठी काट्यावरचा आकडा हलावाच लागतो असे नाही, आणि म्हणूनच हा लाभ आपल्या सडपातळ भाचीलाही मिळू शकतो. या विकारासाठीच्या २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना कोणत्याही एका व्यायामाला श्रेष्ठ ठरवत नाहीत. किशोरवयात रोज सुमारे ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम, एवढेच अपेक्षित आहे.

कापूस वेचण्याच्या कष्टांबद्दल मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे. ते कष्ट खरेच आहेत. पण कमरेत वाकून, पाऊल पाऊल सरकत तासन्‌तास केलेल्या कामाने पाठ मोडते, तरी छातीचा दम वाढतोच असे नाही. राबणाऱ्या घरातल्या मुलींना मी ६०० मीटर धावायला सांगितले आहे. अर्धे अंतर झाले की त्या बरगडीखाली हात दाबून चालू लागतात आणि ‘मॅडम, डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणतात. त्यामागे बऱ्याचदा रक्तक्षय असतो : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये तो आढळला. म्हणून भाचीचे हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते कमी असेल तर आधी त्यावर उपचार व्हावेत. तोवर तिला धावडवू नये.

उन्हाचे म्हणणे रास्त आहे. पारा ४४ अंशांवर असताना मैदानाचा सल्ला देणे शहाणपणाचे नाही, आणि तिन्हीसांजेला मुलीला एकटीला रस्त्यावर धावू देणारी घरे किती, हे आपल्याइतकेच मलाही ठाऊक आहे. परंतु आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या मुली झोके घेतात, फुगड्या खेळतात, तेव्हा कोणी त्याला व्यायाम म्हणत नाही. हातांची अढी घालून, पायांची बोटे एकमेकींच्या बोटांना भिडवून, अंग मागे टाकून दोघी फिरू लागल्या की दोन मिनिटांत दोघींनाही धड बोलता येईनासे होते. दम लागण्याचे हेच साधे माप आहे. पहाटे गच्चीवर फुगड्या, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या आणि एक दिवसाआड बैठका, असे पंधरा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवता येते. शेतातून दमून आलेल्या दिवशी सुट्टी घ्यावी.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या माझ्या किंवा कुणाच्याही लेखावरून बंद करू नयेत. व्यायाम त्यांच्या जोडीला आहे. आणि तिची कळण्याची भाकरी कमी करू नये, कारण अपुरे खाऊन केलेल्या व्यायामानेही पाळी थांबते, आणि ती तर आधीच सडपातळ आहे.

आज ती न थांबता किती बैठका काढते आणि किती फुगड्यांनंतर तिला बसावे लागते, एवढेच वहीत लिहून ठेवावे. वजनाचा रकाना त्या वहीत नको. दोन महिन्यांनी ते आकडे मला कळवाल का? पुढचा टप्पा त्यावरून ठरवू.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका, अमळनेर