‘निळ्या डोळ्यांचा सोल’ आणि रास्कल्स

कृष्णवर्णीयांच्या गायकीच्या वळणाने गोऱ्यांनी गायलेल्या संगीताला साठच्या दशकात अमेरिकेत ‘ब्लू-आईड सोल’, म्हणजे निळ्या डोळ्यांच्या गोऱ्यांचा ‘सोल’, असे नाव पडले; ‘सोल’ ही कृष्णवर्णीयांची भावभरी गायकी. हे नाव मला खटकते, कारण ‘गोरे असूनही बरे गातात हो’ अशी शाबासकी त्यात ऐकू येते. ‘द यंग रास्कल्स’ या बँडला हीच चिठ्ठी कायमची चिकटली, आणि ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे असे माझे मत आहे.

फेलिक्स कॅव्हॅलिएरी, एडी ब्रिगाटी, जीन कॉर्निश आणि डिनो डानेली या चौघांनी १९६५ साली न्यू जर्सीत हा बँड उभा केला. त्यांच्यात बास गिटार वाजवणारा कोणी नव्हताच. कार्यक्रमात फेलिक्स गात गात हॅमंड ऑर्गन वाजवी आणि खर्जाची बाजूही पायांखालच्या पेडलांवर सांभाळी. १९६६ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले त्यांचे ‘गुड लव्हिन’ हे गाणे मात्र आधी ‘द ऑलिंपिक्स’ या कृष्णवर्णीय गटाने गायलेले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

उसनवारीचा तो आक्षेप १९६७ च्या ‘ग्रूव्हिन’ला लागू पडत नाही. शनिवारची रात्र कार्यक्रमात जाणाऱ्या वादकाला प्रेयसीच्या भेटीसाठी उरणारी रविवारची दुपार, एवढाच या गाण्याचा ऐवज. त्यात ड्रमसेट नाही. कोंगा, टँबरीन, हार्मोनिका आणि मधूनच पक्ष्यांची किलबिल आहे. हेडफोन लावून ऐकले, तर ती दुपार किती सैलावलेली आहे हे कळते. त्यांच्या अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला हे गाणे बाजारात आणावे की नाही याचीच शंका होती. प्रत्यक्षात ते देशात पहिले आले आणि, मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीतही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्या श्रोत्यांनी डोळ्यांचा रंग विचारला नव्हता.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर आलेले ‘पीपल गॉट टू बी फ्री’ पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाण्यातून समतेचा पुकारा अनेकांनी केला. रास्कल्सनी तो करारात आणला. आपल्या कार्यक्रमातील निम्मे कलाकार कृष्णवर्णीय असतील तरच आम्ही मंचावर येऊ, ही त्यांची अट होती, आणि तिच्यापायी दक्षिणेकडील राज्यांतले कार्यक्रम त्यांनी हातचे जाऊ दिले.