पत्त्यांच्या खोलीवर दोन तास, कर्मचाऱ्यांवर पाच मिनिटं

येत्या रविवारी आमच्या जिमखान्याची वार्षिक सभा आहे. नववा विषय, साथीच्या काळातले नियम क्लबच्या घटनेत घालणे. मसुदा दोनदा वाचला. मास्क, पाहुण्यांना बंदी, वर्गणीत सवलत, सगळं तपशीलवार आहे. कर्मचाऱ्यांबद्दल मात्र एकच ओळ: ‘कर्मचाऱ्यांनी वरील सर्व नियम पाळावेत.’

ती वाचली आणि जून २०२१ ची आमची झूमवरची सभा डोळ्यांसमोर आली.

कोविडची दुसरी लाट ओसरत होती. पत्त्यांची खोली कधी उघडायची, यावर दोन तास चर्चा झाली. टेबलाला चार जण की तीन, कॅट रोज नवा काढायचा की सॅनिटायझरने पुसायचा. एक डॉक्टर सभासद कळकळीने सांगत होते की पत्ते पुसत बसू नका, एसी बंद करा, खिडक्या उघडा. विषाणू हवेतून पसरतो हे गांभीर्याने घ्या, असं २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्येच जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं. आम्ही मात्र पावसाळी दमटपणाचं कारण काढून एसी राखला. खोली उघडा म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यातल्या एका काकांच्या पत्नी पहिल्या लाटेत गेल्या होत्या आणि रमीचं ते टेबल सोडलं तर त्यांना बोलायला कोणी नव्हतं. ती तगमग खरी होती.

मग मी कर्मचाऱ्यांच्या लशीचा विषय काढला. आमचे ३८ कर्मचारी. खासगी रुग्णालयात कोविशिल्डचा कमाल दर सरकारने तेव्हा नुकताच ७८० रुपये ठरवला होता. दोन डोस धरून सगळ्यांचे ५९,२८० रुपये. उत्तर आलं, ‘२१ तारखेपासून सरकार फुकट देणारच आहे.’ विषय पाच मिनिटांत मिटला.

फुकट होती, पण कोविनवर स्लॉट मिळेल तेव्हा. आमचा मार्कर, म्हणजे कोर्टवर सभासदांशी खेळणारा आणि शिकवणारा कर्मचारी, नालासोपाऱ्याला राहतो. वय तेव्हा ४३. निम्म्या सभासदांच्या मुलांना रॅकेट धरायला त्यानेच शिकवलं, सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याला पहिला डोस जुलैअखेर मिळाला. दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर. आणि १५ ऑगस्टपासून सामान्य प्रवाशांना लोकल खुली झाली ती फक्त दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी. जूनच्या मध्यावर लस टोचली असती तर सप्टेंबरात तो गाडीत बसला असता. प्रत्यक्षात दिवाळी आली. तोवर बस बदलत बदलत यायचा, आणि ज्या दिवशी पोचता यायचं नाही त्या दिवसाचा पगार कापला जायचा. आम्ही दोन डोसवाले कोर्टवर त्याची वाट बघायचो.

त्या सभेत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: ‘खासगी क्लब आहे, ज्याला भीती वाटते त्याने येऊ नये.’ मला ते तेव्हाही खुपलं, आजही खुपतं. न येण्याची मुभा सभासदाला असते. चहाचा ट्रे घेऊन त्या बंद खोलीत दहादा जाणाऱ्या पोराला ती नसते. धोका पत्करायचा त्याने आणि मत द्यायचं आपण, असा नियम कितीही बारकाईने लिहिला तरी अन्यायाचाच.

म्हणून मी दुरुस्ती मांडणार आहे. साथीत आजारी पडलेल्या किंवा सरकारी निर्बंधांमुळे येऊ न शकलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पगार. लस, चाचणी, मास्क यांचा खर्च क्लबचा. आणि नियम ठरवणाऱ्या समितीत कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक माणूस, मतासकट. शेवटच्या मुद्द्याला विरोध होईल हे मला माहीत आहे, पण मी तोच शेवटपर्यंत लावून धरणार आहे. खिडक्यांचंही त्यात लिहिलंय, डॉक्टरांना विचारून.

दुरुस्ती गुरुवारपर्यंत लेखी द्यायची आहे आणि अनुमोदकाची सही अजून हवी आहे. इथे जिमखान्याचे जे सभासद असतील त्यांनी कृपया या. बुधवारी संध्याकाळी सहापासून मी टेनिस कोर्टाशेजारच्या बाकावर कागद घेऊन बसलेलो असेन.