ज्युरीच्या हॉलमध्ये भेटलेल्या ज्युडिथबाई

गेल्या मंगळवारी न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सच्या कोर्टात आयुष्यात पहिल्यांदा ज्युरी ड्युटीला गेले, म्हणजे खटल्याचा निर्णय द्यायला सामान्य नागरिकांना बोलावतात त्यासाठी. नागरिकत्व घेऊन चार वर्षं झाली, पत्र आत्ता आलं. हॉल गच्च भरलेला. माझ्या एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला सबवेत मेकॅनिक असलेले एक गृहस्थ, आणि समोर चक्क एक वकीलबाई, त्यांनाही आमच्यासारखंच बोलावलेलं. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नानावटीच्या खटल्यात होती तशी ज्युरी?" हो, तशीच. १९५९ साली मुंबईत त्या ज्युरीने नानावटीला खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं, आणि पुढे आपल्याकडून ज्युरी गेलीच.

पण तो सर्जन आणि ती वकीलबाई तिथे बसले होते, याचं श्रेय एका दिवंगत न्यायाधीशांना आहे आणि त्यांच्याबद्दल मला लिहायचंच होतं. त्यांचं नाव ज्युडिथ के (Kaye), न्यूयॉर्क राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सच्या पहिल्या महिला न्यायाधीश. (इथे नावांचा घोळ आहे. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' म्हणजे खटले चालतात ते खालचं कोर्ट, आणि राज्यातलं सर्वोच्च ते कोर्ट ऑफ अपील्स.)

१९३८ चा जन्म, मॉन्टिसेलो नावाच्या छोट्या गावात. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, गावात बायकांच्या कपड्यांचं दुकान. मुलीला पत्रकार व्हायचं होतं. नोकरी मिळाली ती लग्नकार्यं आणि समारंभांच्या बातम्या लिहिण्याची. चांगलं काम मिळावं म्हणून रात्रीच्या वर्गांना बसून कायदा शिकली, १९६२ मध्ये पदवी घेतली आणि पत्रकारिता मागे राहिली. मग वकिली, मध्ये मुलं लहान असताना अर्धवेळ काम, पुन्हा वकिली. १९८३ मध्ये गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी कोर्ट ऑफ अपील्सवर नेमणूक केली तेव्हा त्या कुठल्याही कोर्टात एक दिवसही न्यायाधीश म्हणून बसलेल्या नव्हत्या. ज्यांनी तेव्हा भुवया उंचावल्या असतील त्यांना दोष देत नाही. मीही कदाचित उंचावल्या असत्या.

१९९३ मध्ये त्या मुख्य न्यायाधीश झाल्या, तेही कोर्टाची अब्रू गेली होती अशा वेळी. आधीचे मुख्य न्यायाधीश सॉल वॉक्टलर यांना एका महिलेला धमकावल्याच्या प्रकरणात एफबीआयने अटक केली होती. (पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या. ही दोन नावं मला नेहमी एकत्र आठवतात.)

लोकांचा विश्वास परत आणायचा तर सुरुवात कुठून करायची? ज्युडिथबाईंनी ज्युरीच्या हॉलपासून केली, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम तेच. तोवर डॉक्टर, वकील, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान अशा वीसहून जास्त व्यवसायांना ज्युरीतून सूट होती. म्हणजे न्यायाचा भार उरलेल्यांनी वाहायचा, तेही दिवसाला १५ डॉलर भत्त्यावर. १९९६ पासून या सगळ्या सवलती गेल्या. भत्ता टप्प्याटप्प्याने ४० डॉलर झाला. १९९९ मध्ये खुद्द महापौर जुलियानी ज्युरीत बसले. कोर्टात मुलांना घेऊन यावं लागणाऱ्यांसाठी बालकेंद्रं उभी राहिली, त्यातही त्यांचा मोठा वाटा. ज्या बाईच्या कडेवर पोर आहे तिला साक्ष द्यायला उभं राहताना काय होतं, हे मुलं सांभाळत वकिली केलेल्या माणसाला कळणारच.

आता त्यांचा २००३ चा निकाल. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना राज्य पुरेसा पैसा देत नाही, असा दावा १९९३ पासून चालू होता. राज्याच्या घटनेप्रमाणे प्रत्येक मुलाला 'पायाभूत चांगलं शिक्षण' मिळायला हवं. पण पायाभूत म्हणजे किती? मधल्या अपील कोर्टाने सांगितलं, आठवी-नववीच्या पातळीचं पुरे. ज्युडिथबाईंनी ते उलटवलं. कसोटी अशी होती की मूल मोठं झाल्यावर मत देऊ शकेल आणि ज्युरीत बसू शकेल का. आज ज्युरीपुढे डीएनएचे पुरावे येतात, आकडेवारी येते. आठवीचं शिक्षण तिथे कसं पुरणार? माझा मुलगा याच शहराच्या सरकारी शाळेत जातो. निकालाच्या त्या ओळी वाचताना मला रडू आलं.

सगळं पटतं असं नाही. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी, २००८ मध्ये, त्यांनी न्यायाधीशांच्या पगारवाढीसाठी गव्हर्नर आणि विधिमंडळावर दावा लावला. पगार १९९९ पासून वाढलेला नव्हता, मागणी रास्तच होती. तरी राज्याच्या मुख्य न्यायाधीशांनीच राज्याच्या कोर्टात वादी म्हणून उभं राहणं मला आजही खटकतं.

२००६ मध्ये मात्र त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाही, असा निकाल त्यांच्या कोर्टाने चार विरुद्ध दोन मतांनी दिला. मुख्य न्यायाधीश असूनही त्या अल्पमतात. पुढच्या पिढ्या या निकालाकडे एक दुर्दैवी चूक म्हणून बघतील, अशी खात्री त्यांनी आपल्या विरोधी मतात लिहून ठेवली. पिढ्या जाव्याच लागल्या नाहीत. २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, २०१५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हक्क दिला. ज्युडिथबाई जानेवारी २०१६ मध्ये गेल्या. त्यांनी दोन्ही पाहिलं, याचं मला फार समाधान आहे.

सत्तराव्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावं लागतं म्हणून २००८ च्या अखेरीस त्यांनी खुर्ची सोडली. पंधरा वर्षं मुख्य न्यायाधीश. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याइतका काळ त्या पदावर कुणीच राहिलं नव्हतं.

माझी ज्युरीत निवड झाली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. मेकॅनिकची झाली. निघताना ते जरा धास्तावलेले दिसले. वकीलबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि खटला कसा चालतो ते समजावून सांगायला लागल्या.