आत्या, विम्याचा हप्ता आधी भर

परवा सकाळी आत्याचा फोन. "अरे, काकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता आता भरायचा नाही म्हणे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय." मेसेज मागवून घेतला. तुमच्याकडेही फिरत आला असेल: सत्तरीपुढच्या प्रत्येकाला सरकारकडून ५ लाख, घरी नर्स फुकट, विमा बंद करा, शिवाय दरमहा ३००० रुपये, १४५६७ ला फोन केला की पैसे खात्यात. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

घरी नर्स फुकट! हे लिहिणाऱ्याला एक दिवस आत्याच्या घरी बसवायला हवं. काकांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. नर्सिंग ब्यूरोची मावशी त्यांना सांभाळायला सकाळी आठला येते, रात्री आठला जाते. दिवसाचे ७०० म्हणजे महिन्याचे २१ हजार. डायपर, फिजिओथेरपी वेगळं. मेसेजमधले ते ५ लाख म्हणजे सत्तरीपुढच्यांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड. त्यातून यातला एक रुपया सुटत नाही. ते कार्ड योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचं. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्याच काळातली औषधं-तपासण्या त्यात धरतात. साधी ओपीडी त्यात बसत नाही, तिथे मावशी कुठून बसणार?

बरं, "प्रत्येकाला" ५ लाख हेही खोटंच. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने हा निर्णय घेतला, त्याचं सरकारी पत्रक काढून वाचा. रक्कम कुटुंबामागे आहे. आत्या ७२, काका ७७, दोघांत मिळून वर्षाला ५ लाख. त्याच पत्रकात असंही म्हटलंय की खासगी विमा असलेल्यांनाही कार्ड मिळेल. मग विमा बंद करा हे आलं कुठून? वर्षाचा हप्ता चुकला तर साधारण तीस दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी संपली. पक्षाघात झालेल्या ७७ वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार? कुणी दिलीच, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायचं. आत्याचा फोन आला तो त्या सवलतीचा बाविसावा दिवस होता. हप्ता त्याच दुपारी माझ्यासमोर भरला.

कार्ड मात्र काढाच. उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं, पैसे लागत नाहीत, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. सत्तरीपुढच्या कुणालाही मिळतं, एवढं मेसेजवाल्याचं बरोबर, काय करणार.

दरमहा ३००० म्हणजे मुख्यमंत्री वयोश्री योजनेची मोडतोड. ते ३००० एकदाच मिळतात, तेही चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी, वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर. महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी श्रावणबाळ योजना आहे, १५०० रुपये. पण तिला उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं. आत्या तेवढे महिन्याला मावशीला देते.

१४५६७ हा नंबर खरा आहे. एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. कुठली योजना लागू पडेल, अर्ज कुठे करायचा, घरात छळ होत असेल तर काय करायचं, हे सांगतात. खात्यात पैसे टाकत नाहीत.

आणि ज्याचा खरंच उपयोग आहे त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. मुलं ऐपत असून बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. वकील लागत नाही, महिना १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, नोटिशीनंतर ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा सांगतो. (सरकारी ९० दिवस, हे गृहीत धरून चला.)

आत्याला मूलबाळ नाही, म्हणून हे तिने अर्ध्या कानाने ऐकलं. मग मला पुढचं सांगावंच लागलं: मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे, त्याच्याकडूनही असा खर्च मागता येतो.

आत्याने हप्त्याची पावती डब्यात ठेवली, झाकण लावलं. मृत्युपत्रही त्याच डब्यात असतं.

"म्हणजे तू," ती म्हणाली.

म्हणजे मी.