२७२ चा धाक आणि ‘घटनेनुसार’ फिरणारा मेसेज

४ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेच्या निकालात भाजपचा आकडा २४० वर अडकला आणि रात्रीची जेवणं आटपायच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. ‘घटनेनुसार आता काय होणार? शेवटपर्यंत वाचा, पुढे पाठवा.’ तेव्हापासून कुठलाही मोठा निकाल लागला की तोच मेसेज आकडे बदलून परत येतो. त्यात ‘घटनेनुसार’ हा शब्द ओळीओळीला आहे, कलमाचा क्रमांक मात्र एकदाही नाही. सारांश असा: २७२ झाले नाहीत तर केंद्रात राष्ट्रपती राजवट, सर्वांत मोठ्या पक्षालाच आधी बोलवावं लागतं, पंतप्रधान लोकसभेतूनच निवडून आलेला हवा, महिन्याभरात बहुमत सिद्ध केलंच पाहिजे, आघाडी सोडणाऱ्या पक्षाची खासदारकी जाते, ५५ खासदार नसतील तर घटना विरोधी पक्षनेतेपद देत नाही, आणि राज्यसभा म्हणजे नुसती शोभा.

पाठवणारा मावसभाऊ इंजिनियर आहे, माणूस हुशार. ‘दादा, यात चूक काय ते सांग,’ म्हणाला. एका ओळीत सांगता येईना, म्हणून हे.

राष्ट्रपती राजवटीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो चुकीचा असला तरी का पटतो हे मला कळतं. महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिलंय. २०१९ च्या विधानसभेत कुणाचं जमेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेला पहाटे उठली, तीही कशासाठी ते सगळ्यांना आठवतंय. मुंबईत जे झालं ते दिल्लीत का होणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या कलम ३५६ ने ती राजवट येते ते कलम राज्यांपुरतं आहे. राज्याचा कारभार केंद्राने हातात घ्यायचा, ही त्यातली कल्पना. केंद्राचा कारभार कोण हातात घेणार? राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं, असं कलम ७४ सांगतं. तो सल्ला देणारं मंत्रिमंडळच नसेल तर राष्ट्रपतींना एकट्याने राज्य करण्याची वाट घटनेने ठेवलेलीच नाही.

हा वाद कोर्टात जाऊन आलाय. डिसेंबर १९७० मध्ये इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित करून घेतली. यू. एन. राव नावाच्या याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं, की मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. आता लोकसभाच नाही, तर मंत्रिमंडळही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ते फेटाळलं: लोकसभा असो वा नसो, मंत्रिमंडळ असलंच पाहिजे. आपण ज्याला काळजीवाहू सरकार म्हणतो तो शब्द घटनेत नाही, पण ती सोय इथूनच टिकलीय. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली तेव्हा दिल्लीत विश्वासमत हरलेलं वाजपेयी सरकार होतं आणि लोकसभा विसर्जित झालेली होती. लढाई थांबली नाही, खुर्ची रिकामी राहिली नाही.

आता खुद्द २७२. हा आकडा घटनेत नाही. लोकसभेच्या ५४३ जागांच्या निम्म्याहून जास्त होणारा पहिला आकडा, एवढंच त्याचं मोल. टीव्हीवाल्यांनी त्यावर लाल रेघ मारून त्याला लक्ष्मणरेषा केली. कलम १०० प्रमाणे सभागृहातला साधा निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, एकूण सदस्यसंख्येच्या नव्हे. म्हणून जुलै १९९३ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. सरकारच्या बाजूने २६५, म्हणजे लाल रेघेच्या अलीकडेच, आणि तरी सरकार तरलं. (ती मतं कशी जमली, याचा खटला पुढे कित्येक वर्षं चालला. तो वेगळा विषय.) त्या सरकारने निवडणुकीत बहुमत मिळवलेलं नव्हतं आणि तरी त्याने पाच वर्षं पुरी केली. तटस्थ राहणारा किंवा नेमका त्या दिवशी गैरहजर असणारा खासदारही सरकार वाचवतो, हे मतमोजणीच्या रात्री पडद्यावर दाखवता येत नाही.

‘सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवावंच लागतं.’ इथे मेसेज अर्धवट प्रथा उचलून तिला कायदा करतो. कलम ७५ मध्ये एवढंच आहे, की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील. कुणाला आधी, कुणाला नंतर, काही नाही. मग प्रत्येक राष्ट्रपतींनी आपापली रीत काढली.

१९८९ मध्ये काँग्रेस १९७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता. राजीव गांधींनी दावा केला नाही, आणि १४३ जागांचा जनता दल बाहेरच्या पाठिंब्यावर सरकारात आला. त्या बाहेरच्या पाठिंब्यात एका हाताला भाजप आणि दुसऱ्या हाताला डावे. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी १६१ जागांच्या भाजपला बोलावलं, पाठिंब्याचा हिशेब न मागता. वाजपेयींनी १६ मे रोजी शपथ घेतली आणि २८ मे रोजी, मतदानाला सामोरं न जाता, राजीनामा जाहीर केला. हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच असेल, १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी त्याच वाजपेयींकडे, त्याच सर्वांत मोठ्या पक्षाकडे, आधी पाठिंब्याची पत्रं मागितली आणि मगच शपथ दिली. म्हणजे दोनच वर्षांत रीत बदलली, घटनेतला एक शब्दही न बदलता.

आणि आपल्याकडच्या माणसाचा एक प्रसंग या सगळ्याआधीचा आहे. १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार कोसळलं ते यशवंतराव चव्हाणांनी आणलेल्या अविश्वास ठरावाच्या रेट्याने. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवायला प्रथम विचारलं ते यशवंतरावांना. सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून नव्हे, ठराव आणणारे विरोधी पक्षनेते म्हणून. त्यांचं गणित जमलं नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान, आणि ते सरकार लोकसभेला एकदाही तोंड न दाखवता २० ऑगस्टला राजीनामा देऊन मोकळं झालं. कराडच्या माणसाला पंतप्रधानपदाचा दरवाजा इतका जवळून दिसला, तोही मेसेजमधल्या ‘नियमा’ला बाजूला सारून.

राज्यातला दाखला हवा असेल तर गोवा आहे. २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा काँग्रेसच्या, १३ भाजपच्या. शपथ घेतली मनोहर पर्रीकरांनी, आणि सर्वोच्च न्यायालयाने शपथ अडवली नाही, दोन दिवसांत सभागृहात मतदान घ्या म्हणून सांगितलं. पर्रीकर २२ विरुद्ध १६ ने जिंकले. हे योग्य झालं की नाही यावर पणजीत अजून वाद घालता येईल, आणि माझं स्वतःचं मत फारसं चांगलं नाही. पण बेकायदा झालं म्हणायला घटनेत आधार सापडत नाही.

पंतप्रधान लोकसभेतूनच हवा, हा मुद्दा दोन नावांत संपतो. मनमोहनसिंग दहा वर्षं राज्यसभेचे खासदार म्हणून पंतप्रधान होते. आणि एच. डी. देवेगौडा १ जून १९९६ ला शपथ घेताना कुठल्याच सभागृहाचे खासदार नव्हते, कर्नाटकाच्या मुख्यमंत्रिपदावरून थेट आले होते. खासदार नसलेल्या मंत्र्याला कलम ७५ सहा महिन्यांची मुदत देतं, ती पंतप्रधानालाही लागू आहे. नरसिंह रावांनी तीच वापरली. दोनदा ते आपल्या रामटेकमधून निवडून गेले होते. पंतप्रधान झाले तेव्हा, १९९१ च्या जूनमध्ये, मात्र खासदार नव्हते आणि नोव्हेंबरमध्ये आंध्रातल्या नंद्यालची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले.

महिन्याभरात बहुमत सिद्ध करण्याची सक्ती? अशी मुदत घटनेत नाही, लोकसभेच्या नियमांतही नाही. राष्ट्रपतींना शंका असेल तर ते तारीख घालून देतात. १९९८ मध्ये तसं झालं. शंका नसेल तर विश्वासदर्शक ठराव येतच नाही. २०२४ मध्ये आला नाही. विरोधकांना वाटलं तर त्यांनी अविश्वास ठराव आणावा, त्याला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. खरी पहिली परीक्षा अध्यक्षांच्या निवडणुकीत होऊ शकते, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

त्या क्रमाकडे जरा बघण्यासारखं आहे. लोकसभा विसर्जित झाली तरी जुने अध्यक्ष पदावर राहतात, नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या क्षणापर्यंत. मग राष्ट्रपतींनी नेमलेला हंगामी अध्यक्ष खासदारांना शपथ देतो. शपथ न घेता सभागृहात बसला किंवा मत दिलं तर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. १९५० साली ही रक्कम झोंबणारी होती. हंगामी अध्यक्ष सर्वांत ज्येष्ठ असावा ही प्रथा, आणि २०२४ मध्ये तिच्यावरच ठिणगी पडली. काँग्रेसचे के. सुरेश आठव्यांदा निवडून आलेले, पण नेमले गेले सात वेळचे भर्तृहरी महताब. सरकारचं उत्तर असं, की सुरेश यांच्या कारकिर्दीत खंड पडलाय, महताब यांच्या नाही. मग २६ जूनला अध्यक्षपदासाठी विरोधकांनी सुरेश यांनाच उभं केलं. ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडून आले, विरोधकांनी मतविभागणीचा, म्हणजे मतं मोजून घेण्याचा, आग्रह धरला नाही. अशी लढत फार क्वचित होते. पहिली १९५२ मध्ये झाली होती: दादासाहेब मावळंकर ३९४, शेकापचे शंकरराव मोरे ५५. हरणार हे माहीत असून उभं राहण्याची परंपरा आपल्याकडच्या माणसापासून सुरू झाली म्हणायची.

याच मावळंकरांपाशी ५५ खासदारांच्या मुद्द्याचं मूळ आहे. (वरच्या मतांच्या ५५ शी याचा संबंध नाही, योगायोग.) पक्ष म्हणून मान्यता हवी तर गणपूर्तीइतके (बैठक चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीइतके), म्हणजे एक दशांश, सदस्य असावेत असा दंडक त्यांनी घातला. ५४३ चा दहावा हिस्सा ५४.३, म्हणून ५५. घटनेत ‘विरोधी पक्षनेता’ हे पदच नाही. १९७७ च्या कायद्याने त्याला पगार आणि भत्ते दिले, आणि त्या कायद्यातली व्याख्या सरळ आहे: विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, त्याचा नेता, आणि अध्यक्षांची मान्यता. दहा टक्के त्यात नाहीत. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा होत्या आणि अध्यक्षा सुमित्रा महाजन, इंदूरच्या खासदार आणि जन्माने चिपळूणच्या, यांनी जुन्या प्रथेवर बोट ठेवून मान्यता नाकारली. २०१९ मध्ये ५२ जागा, तेव्हाही पद रिकामं. २०२४ मध्ये ९९ झाल्या आणि प्रश्न मिटला. म्हणजे पद नाकारलं ते अध्यक्षांनी. घटनेच्या नावावर हे खपवणं म्हणजे सासूचा निर्णय देवाच्या माथी मारण्यासारखं आहे.

उलट घटनेत जे ठळक लिहिलंय ते बिनबोभाट बाजूला पडतं. उपाध्यक्ष ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावा असं कलम ९३ म्हणतं. सतराव्या लोकसभेने (२०१९ ते २०२४) पाच वर्षांत तो निवडलाच नाही. यावर अजून एकही फॉरवर्ड मला आलेला नाही.

आघाडी सोडली की खासदारकी जाते, हे तर साफ उलटं. १९८५ च्या पक्षांतरबंदीला आघाडी ही गोष्ट दिसतच नाही, तिला फक्त पक्ष दिसतो. एकट्या खासदाराने स्वतःच्या पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडला तर तो अडकतो; अख्खा पक्ष उठून पलीकडे बसला तर कुणाचंच काही जात नाही. तेलुगू देसमने २०१८ मध्ये एनडीए सोडली, शिवसेनेने २०१९ मध्ये, जनता दल युनायटेडने २०२२ मध्ये. एकाचीही खासदारकी त्यापायी गेली नाही. २०२४ मध्ये तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल युनायटेडचे १२ सरकारला धरून आहेत ते मनाने, कायद्याने नव्हे. अपक्षाचं गणित आणखी बारीक: पाठिंबा देता येतो, पक्षात शिरता येत नाही. सांगलीतून निवडून आलेले विशाल पाटील काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र देऊन आले तेव्हा ‘काँग्रेस शंभर’ असे मथळे झाले, पण कागदावर ते अपक्षच.

आणि व्हिप मोडून काय होतं? १७ एप्रिल १९९९. वाजपेयींच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध गेले आणि पक्षाबाहेर काढले गेले. गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वी ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडलेली नव्हती. मत द्यायचं की नाही हे अध्यक्ष बालयोगींनी त्यांच्या विवेकावर सोडलं आणि त्यांनी दिलं. सोझ यांचं पक्षातलं स्थान गेलं, पण त्यांचं मत मोजलं गेलं आणि सरकार गेलं. व्हिप मोडल्याची शिक्षा माणसाला होते, मत रद्द होत नाही.

राहिली राज्यसभा. अर्थविधेयकाच्या बाबतीत तिचं खरंच फार चालत नाही, १४ दिवसांत परत पाठवायचं. बाकी विधेयकांवर ती अडून बसली तर संयुक्त बैठक हा उपाय आहे, आणि तो आजवर तीनदाच वापरलाय: १९६१, १९७८, २००२. घटनादुरुस्तीला तर तोही लागू नाही. आणि एक गोष्ट फक्त राज्यसभेत होते: तिथे मांडलेलं आणि लोकसभेने मंजूर न केलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी मरत नाही. लोकसभेच्या दारात आलेलं मात्र मरतं. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ पासून लोकसभेत तीनदा असंच मेलं. म्हणून २००८ मध्ये ते मुद्दाम राज्यसभेत मांडलं. ९ मार्च २०१० ला तिथे मंजूर होऊन लोकसभेकडे गेलं, आणि तिथे चार वर्षांत मतदानाला आलंच नाही. २०१४ मध्ये सभागृह विसर्जित झालं तेव्हा ते संपलं. राज्यसभेच्या दालनात राहिलं असतं तर जिवंत असतं.

मावसभावाला हे सगळं पाठवलं. ‘दादा, हे फॉरवर्ड करायला फार मोठं आहे,’ म्हणाला.