औषध म्हणून जन्माला घातलेला मुलगा

फ्रेंच दिग्दर्शक आर्नो देप्लेशाँचा 'अ ख्रिसमस टेल' (२००८) रविवारी रात्री अखेर आईसोबत पाहिला. कितीतरी जणांनी डोक्यावर घेतलेला, कान महोत्सवाच्या स्पर्धेत असलेला सिनेमा. अडीच तास झाले आणि मला चक्क वाईट वाटत होतं, कारण गोष्ट फार मोठ्या ताकदीची आहे आणि सिनेमा मला भिडला नाही.

उत्तर फ्रान्समधलं रूबे हे शहर. आबेल आणि ज्युनों यांच्या थोरल्या जोसेफला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. त्याला द्यायला घरात कुणाचीच बोन मॅरो (अस्थिमज्जा) जुळत नाही, म्हणून ते आणखी एक मूल होऊ देतात. तो आन्री. त्याचीही जुळत नाही. जोसेफ जातो. पुढे म्हातारपणी आईलाच रक्ताचा आजार होतो आणि जुळते ती याच आन्रीची! जन्मतःच नापास ठरलेलं पोर आता आईला वाचवणार. अजून काय हवं हो?

पण सिनेमा इथे थांबतच नाही. सावल्यांच्या बाहुल्या, फळ्यावर आईच्या जगण्या-मरण्याचं गणित, चुलतभावाचं जुनं प्रेम. आन्रीची थोरली बहीण एलिझाबेथ सख्ख्या भावाचं कर्ज फेडते आणि त्याला कायमचा तोडते. का, ते शेवटपर्यंत नीट कळत नाही. अबोल्याचं कारण सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. आमच्याकडे दोन काका बारा वर्षं बोलत नव्हते. गणपतीत एक सकाळच्या आरतीला यायचा, दुसरा संध्याकाळच्या, आणि आजी दोन्ही वेळा आधीपासून दारात उभी असायची. कारण मला आजही माहीत नाही, पण आजीचं ते उभं राहणं डोळ्यांसमोरून जात नाही. या सिनेमात तसं कुणी दारात उभं राहत नाही.

अंगणात ज्युनों आणि आन्री हे मायलेक एकमेकांना सांगतात की आपलं एकमेकांवर कधी प्रेम नव्हतंच. अगदी निवांत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. कात्रीन दनव आणि मात्यू आमालरिक, दोघंही जबरदस्त. पण मला त्या वाक्याची जखम बघायची होती, आणि दिग्दर्शकाला वाक्याचा चटपटीतपणा आवडलेला दिसतो. मनात राहिला तो फक्त बाप, ज्याँ-पोल रुसियों. त्याला या भूमिकेसाठी सेझार हे फ्रेंच सिनेमाचं पारितोषिक मिळालं, अगदी योग्य मिळालं. घरात सगळे तोंड सोडून भांडत असताना हा माणूस नुसता सगळ्यांना सांभाळून घेत असतो.

टीव्ही बंद केल्यावर आईने एवढंच विचारलं, "पहिला गेला, त्या पोराचं नाव काय गं?"

ज्यांना हा सिनेमा मनापासून आवडलाय त्यांनी जरूर लिहा. वाद घालायचा नाहीये, तुम्हाला तो कुठे भिडला ते खरंच समजून घ्यायचंय.